सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने केलेला रीमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमधला बदल) निघाला, वॉरंटीत असूनही टर्बोचा क्लेम नाकारला, आता काय करू?

चढणवाट

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा. सहा महिन्यांपूर्वी मी दोन वर्षं वापरलेली, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेली डिझेल गाडी घेतली. कंपनीची वॉरंटी वर्षभराच्या वर शिल्लक होती आणि खरं सांगायचं तर त्या शिल्लक वॉरंटीच्या भरवशावरच घेतली, नाहीतर एवढे पैसे घातलेच नसते. सर्व्हिस रेकॉर्ड एकदम चोख, एकही सर्व्हिस चुकलेली नाही. चालवून बघितली तेव्हा १८०० आरपीएमलाच अशी उचलायची की मला वाटलं हे इंजिनच मुळात दमदार आहे.

मागच्या महिन्यात घाट चढताना चौथ्या गियरमध्ये ओव्हरटेक करायला पाय दाबला, आधी बारीक शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, मग एकदम दमच गेला, इंजिनचा दिवा लागला आणि गाडी ३००० आरपीएमच्या वर जायला तयार नाही. आरशात बघतो तर मागे निळसर धूर. वर्कशॉपला नेली, त्यांनी माझ्यासमोर इंटरकूलरचा पाइप सोडवला तर आतून ऑइल ओघळलं, टर्बोमधलं हवा दाबणारं कंप्रेसर व्हील बोटाने हलवलं तर चक्क हाऊसिंगला घासत होतं. म्हणाले टर्बो गेलाय, वॉरंटीत बसेल, टेन्शन घेऊ नका. चार दिवसांनी फोन आला की कंपनीने क्लेम रिजेक्ट केला, ईसीयूमधलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर ओरिजिनल नाहीये, पॉवरट्रेनची वॉरंटी बंद.

मी गाडीला साधा हॉर्नसुद्धा बदललेला नाही हो. आधीच्या मालकाला फोन केला तर आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाला ट्यूनिंग केलं होतं पण विकायच्या आधी बहुतेक काढलं होतं. आता मला कळत नाहीये की कंपनीशी भांडू, त्याच्याशी भांडू की गुपचूप टर्बो स्वतः घालून मोकळा होऊ. आणि मागच्या उजव्या दाराची काच खाली गेली की वर येत नाही, तो क्लेमही या लोकांनी अडवून ठेवलाय, त्या काचेचा आणि ट्यूनिंगचा काय संबंध? वर्कशॉप म्हणतंय आधी ओरिजिनल सॉफ्टवेअर टाकून देतो मग बघू. टाकू द्यावं का? प्लीज कोणीतरी नीट सांगा, दोन आठवडे झोप नाहीये.

जॉबकार्ड

सगळ्यात आधी, सॉफ्टवेअर टाकू देऊ नका. आत्ता लगेच फोन करून सांगा की ईसीयूला कोणी हात लावायचा नाही आणि तसा मेसेजही लेखी पाठवा. ईसीयूत आत्ता जी फाइल आहे तोच तुमचा पुरावा आहे, कंपनीविरुद्ध उपयोगी पडेल की नाही ते नंतर बघू पण आधीच्या मालकाविरुद्ध तर नक्कीच. एकदा वरून नवीन फ्लॅश मारलं, म्हणजे सॉफ्टवेअर चढवलं, की जुनं काय होतं ते कुणालाच दाखवता येणार नाही.

मी आठ वर्षं सर्व्हिस सेंटरच्या वॉरंटी डेस्कवर काढलीत, त्यामुळे पलीकडच्या बाजूने हे कसं चालतं ते सांगतो. इंजिन, टर्बो किंवा गिअरबॉक्सचा मोठा क्लेम आला की कंपनी आमच्याकडून ईसीयूचा रिपोर्ट मागवते. त्यात सीव्हीएन नावाचा एक आकडा असतो, म्हणजे कॅलिब्रेशन व्हेरिफिकेशन नंबर. ईसीयू आपल्याच कॅलिब्रेशनचा, म्हणजे इंजिन कसं चालवायचं त्या आकड्यांचा, हिशोब करून तो काढतो, साधारणपणे आठ अक्षरांचा असतो. कंपनीच्या सर्व्हरवर त्या सॉफ्टवेअरसाठी जो सीव्हीएन आहे तो आणि गाडीतून वाचलेला, दोन्ही एकाखाली एक येतात. सॉफ्टवेअरचं नाव, व्हर्जन सगळं सारखं दिसतं, पण आत मॅपमधला, म्हणजे त्या आकड्यांच्या टेबलमधला, एक आकडा जरी बदलला असेल तरी खालचा सीव्हीएन वेगळा येतो. काही ट्यूनर ईसीयू जुनाच सीव्हीएन सांगेल अशी सोय करून ठेवतात, पण मग प्रोग्रॅमिंगचा काउंटर असतो, ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला त्याची नोंद. अधिकृत वर्कशॉपच्या रेकॉर्डमध्ये दोनदा आणि गाडीत पाचदा असं दिसलं की प्रश्न सुरू होतात. म्हणून ते "काढून टाकलं होतं" वगैरे फारसं चालत नाही, काढताना परत फ्लॅशच मारावं लागतं. सगळ्या कंपन्यांचं सगळं सारखं नसतं पण साधारण पद्धत हीच. फोक्सवॅगन-ऑडीच्या ग्रुपमध्ये तर टीडी१ नावाचा शिक्काच आहे, डीलरचं मशीन ऑनलाइन असताना सॉफ्टवेअर जुळलं नाही की तो त्या गाडीच्या चेसिस नंबरवर बसतो, मग गाडी कुठल्याही डीलरकडे न्या, स्क्रीनवर तो दिसतोच. मालक बदलला म्हणून शिक्का जात नाही, तुमचं दुखणं नेमकं तेच आहे.

आता महत्त्वाचं. "वॉरंटी गेली" हे वाक्य काउंटरवरचा माणूस सरसकट बोलतो, पण वॉरंटी एका बटणासारखी पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद नसते. कंपनी नाकारते तो एकेक क्लेम असतो, आणि नाकारण्याचं कारण त्या पार्टशी जोडलेलं असायला हवं. टर्बो, इंजेक्टर, पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), हे ट्यूनिंगच्या टप्प्यात येतात. दाराच्या काचेची मोटर येत नाही. तुम्ही लेखी मागा की कोणता पार्ट, कोणत्या कलमाखाली, कोणत्या निरीक्षणावरून नाकारला, काचेचं वेगळं पत्र आणि टर्बोचं वेगळं पत्र. माझ्या अनुभवात असं वेगवेगळं लेखी मागितलं की काचेसारखे अर्धे क्लेम तिथेच सुटतात, कारण काचेच्या पत्रात कारण म्हणून ट्यूनिंग लिहायला कोणाचा हात धजत नाही.

आणि जुना टर्बो ताब्यात घ्या. तुटलेला टर्बो बरंच काही सांगतो. बेअरिंगची जागा निळी पडली असेल, शाफ्टवर चरे असतील तर ऑइल पोचत नव्हतं. पात्यांच्या कडा चेपल्या असतील तर बाहेरून काहीतरी आत गेलंय. आणि कंप्रेसर व्हीलची पाठ, म्हणजे आपल्याला एरवी दिसत नाही ती बाजू, ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली असेल तर तो टर्बो मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरलाय. हे तिसरं निघालं तर टर्बोच्या क्लेमसाठी भांडण्यात फार अर्थ नाही, मी खोटी आशा दाखवणार नाही. पण पहिलं निघालं आणि सर्व्हिस रेकॉर्ड चोख आहे म्हणताय, तर नक्की भांडा.

पाचवा_गियर

पण सिद्ध कंपनीनेच करायला पाहिजे ना? अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे, बाहेरचा पार्ट लावला म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवावं लागतं. मी तर सरळ नोटीसच पाठवली असती.

जॉबकार्ड

बरोबर आहे, पण त्या कायद्याचं अर्धंच वाक्य लोक सांगतात. तिथेही बदलामुळे नुकसान झालं असं दिसलं तर कंपनी त्या दुरुस्तीला नकार देऊ शकते. आणि तो कायदा तिथला आहे, प्रत्येकाने आपल्याकडचा ग्राहक कायदा आणि आपल्या हातातलं वॉरंटी बुक बघायचं. बहुतेक सगळ्या वॉरंटी बुकात सॉफ्टवेअरमधल्या बदलाबद्दल एक ओळ असतेच. नोटीस पाठवायची तर आधी टर्बो उघडून बघा, नंतर पाठवा. समोरच्याकडे खडबडीत झालेल्या व्हीलचा फोटो असेल आणि आपल्याकडे नुसतं कायद्याचं नाव असेल तर टिकाव लागत नाही.

मॅपवाला

मी रीमॅपिंगचं काम करतो, म्हणून मलाही बोलायलाच हवं. चढणवाट, तुमच्याबरोबर जे झालं ते वाईट झालं आणि आमच्या धंद्यातल्या निष्काळजी लोकांमुळे झालं.

रीमॅप म्हणजे इंजिनवर जबरदस्ती असं नसतं. कंपनी एकच इंजिन बरेचदा दोन-तीन वेगवेगळ्या पॉवरमध्ये विकते आणि वर थोडी शिल्लक ठेवते, ती खराब डिझेलसाठी, उन्हाळ्यासाठी, उंचीसाठी, वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या माणसासाठी. आम्ही त्या शिलकीतून घेतो. नीट केलं तर गाडी लाखभर किलोमीटर सुखाने चालते, अशा गाड्या मी स्वतः बघतोय. पण शिल्लक वापरली की ती पुन्हा येत नाही, आणि जी कंपनीची जबाबदारी होती ती आता तुमची झाली हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला पाहिजे. मी गाडी वॉरंटीत असेल तर आधीच विचारतो की उद्या टर्बो गेला तर स्वतःच्या खिशातून घालायची तयारी आहे का, नसेल तर वॉरंटी संपल्यावर या.

तुम्ही घाट म्हणालात तिथे मी थबकलो. डिझेलच्या फाइलमध्ये बूस्टच्या, म्हणजे टर्बो किती दाबाने हवा ढकलतो त्याच्या, मर्यादेचा एक टेबल असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला वातावरणाचा दाब. उंचावर हवा पातळ असते, १५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ ते १७ टक्के कमी, म्हणजे तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. छोट्या डिझेलचा टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे मारत असतो, आणि व्हीलवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग १० टक्के वाढला तर ताण २१ टक्के. म्हणून कंपनीने त्या टेबलमध्ये दाब कमी होईल तसा बूस्ट खाली आणलेला असतो. घाईत केलेल्या फाइलमध्ये मी असं पाहिलंय की अख्खा टेबल वरपासून खालपर्यंत एकाच मोठ्या आकड्याने भरून टाकलेला, सपाट. अशी गाडी सपाटीवर मस्त पळते, कोणाला काही कळत नाही, आणि घाटात टर्बो जातो. तुमच्या वर्णनात ती वाढत गेलेली शिट्टी आहे ना, ती मला तशीच वाटते.

फाइल वाचून घ्या आणि ओरिजिनलशी ताडून बघायला सांगा, कोणताही बरा ट्यूनर तासाभरात दाखवेल कुठे काय बदललंय. फक्त एक, नवीन ईसीयू लॉक असतात, वाचायला कधी कधी बाहेर काढून उघडावे लागतात आणि उघडल्याची खूण राहते. म्हणून वर्कशॉपला आधी लेखी कळवा, जमलं तर त्यांच्या माणसासमोर करा, नाहीतर उद्या तुम्हीच उघडला म्हणतील.

रात्रीचा_प्रवासी

मॅपवाला, मग ट्यूनिंग बॉक्सचं काय? माझा विचार चालू होता. विकणारा म्हणतो सर्व्हिसला जाताना प्लग काढायचा, काही कळत नाही.

मॅपवाला

सीव्हीएन बदलत नाही आणि काउंटरही वाढत नाही, तेवढं खरं आहे. पण बॉक्स करतो काय ते समजून घ्या. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, खऱ्यापेक्षा कमी सांगतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर आणखी वाढवत जातो. कॉमन रेलमध्ये आधीच १६०० ते २००० बार असतात, त्याच्यावर तुम्ही ईसीयूला आंधळं करून चढवताय. पंप आणि इंजेक्टर झिजतात ते बॉक्स काढल्यावर भरून येत नाहीत. आणि कधी फॉल्ट कोड लागला की त्या क्षणाचा आरपीएम, लोड वगैरे साठून राहतो, तो वाचणाऱ्याला कळतं की गाडी काहीतरी वेगळंच करत होती. लपवायच्या भरवशावर हे करू नका, एवढं माझं प्रामाणिक मत आहे.

पेट्रोलवेडी

माझं पेट्रोल आहे, टर्बो डायरेक्ट इंजेक्शन, म्हणून वेगळी बाजू लिहिते. मी वॉरंटीत असतानाच स्टेज १, म्हणजे पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअरचं ट्यूनिंग, केलं, सगळं माहीत असून केलं. पहिला गेला तो क्लच. सहाव्या गियरमध्ये कमी आरपीएमला पाय दाबला की आरपीएमचा काटा सुर्रकन वर आणि गाडीचा वेग तिथेच. वर्कशॉपला गेले, ट्यूनिंग आहे हे मीच सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं, मी पैसे भरले, विषय संपला. मला त्यात अन्याय वाटला नाही, क्लच कंपनीने त्यांच्या टॉर्कसाठी दिलेला होता, माझ्या टॉर्कसाठी नाही. ज्यांच्याकडे ड्युअल क्लच आहे त्यांनी तर गिअरबॉक्सचा आकडा आधी बघा. फोक्सवॅगनचा सात गियरचा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० फक्त २५० न्यूटन मीटरसाठी आहे, त्यावर लोक बिनधास्त ३०० मारतात.

आणि पॉवरपेक्षा खालचा टॉर्क जास्त घातक. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमला जास्त लोड आला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेतं, एलएसपीआय म्हणतात त्याला, पिस्टनच्या रिंगांमधली जागा तुटते. मी दुसऱ्यांदा फाइल करून घेतली तेव्हा २५०० च्या खालचा टॉर्क मुद्दाम कमी ठेवायला लावला. गाडी तेवढी झटका देत नाही पण मी निवांत झोपते.

ज्यांना वॉरंटी सोडायची नाही त्यांनी कंपनीने स्वतः मान्य केलेलं ट्यूनिंग मिळतं का बघावं, व्होल्वो पोलस्टारच्या नावाने असं देत होती आणि त्यात कंपनीची वॉरंटी कायम राहायची. पॉवर थोडीच वाढते पण कागदावर असते.

चढणवाट

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. तुमच्यामुळे बरंच झालंय.

सॉफ्टवेअर टाकायचं थांबवलं. पत्रं मागितली, दोन वेगळी. काचेचं पत्र आलंच नाही, त्याऐवजी तिसऱ्या दिवशी फोन आला की मोटर मंजूर झालीये, गाडी घेऊन या. जॉबकार्ड, तुम्ही म्हणालात तसंच.

टर्बो माझ्यासमोर उघडला. बेअरिंग ठीक, निळं काही नाही, ऑइलची लाइन मोकळी, पात्यांच्या कडाही बऱ्यापैकी साबूत. मग त्यांनी व्हील काढून उलटं केलं आणि टॉर्च मारला. संत्र्याची साल. मी हात लावून बघितला, जिथे गुळगुळीत असायला हवं तिथे बोटाला बारीक खरखर लागते. मला तिथेच कळलं की हा क्लेम माझा नाही, वाईट वाटलं पण निदान कारण डोळ्यांनी बघितलं.

फाइल वर्कशॉपच्या माणसासमोर वाचून घेतली, ईसीयू उघडावा लागला नाही. ओरिजिनलमध्ये त्या बूस्टच्या टेबलमध्ये सगळ्यात मोठा आकडा २३५० मिलिबार आणि कमी दाबाच्या ओळीत तो २१०० वर उतरलेला. माझ्या गाडीतल्या फाइलमध्ये पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत २६००. सपाट. मॅपवाला, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतं.

तो स्क्रीनशॉट, टर्बोचे फोटो आणि नाकारल्याचं पत्र हे सगळं आधीच्या मालकाला पाठवलं, शिवीगाळ काही नाही, फक्त विचारलं की विकताना तुम्ही मला हे सांगायला हवं होतं की नाही. दोन दिवस उत्तर नाही. मग त्याचाच फोन आला, त्याला स्वतःला माहीत नव्हतं की फाइल अजून आत आहे, ज्याने ट्यून केली त्यानेच काढली म्हणून सांगितलं होतं आणि याने तपासलं नव्हतं. टर्बोचा निम्मा खर्च द्यायला तयार झाला, तसं लिहूनही दिलंय. मी मान्य केलं, कोर्टकचेरी करायची ताकद नाही माझ्यात.

आता नवीन टर्बो बसलाय, ओरिजिनल सॉफ्टवेअर टाकलंय. गाडी आधीसारखी उचलत नाही, पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं, आता सवय झाली. शेवटचं एकच विचारायचंय, वॉरंटीचे अजून नऊ महिने आहेत, चेसिस नंबरवरचा तो शिक्का निघतो का कधी?

जॉबकार्ड

आपोआप निघत नाही, अर्ज करावा लागतो. वर्कशॉपमार्फत कंपनीला लिहा की सॉफ्टवेअर ओरिजिनल केलंय, खराब झालेला पार्ट स्वखर्चाने बदललाय, गाडी तपासून घ्या. सोबत टर्बोचं बिल, फ्लॅश केल्याचं जॉब कार्ड आणि फ्लॅशनंतरच्या सीव्हीएनची प्रिंट जोडा. कधी पूर्ण काढतात, कधी ज्या पार्टवर ताण आला असेल तेवढे वगळून बाकीची वॉरंटी चालू करतात, कधी नाहीच म्हणतात. इंजिनचं कॉम्प्रेशन आणि इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे (ईसीयू प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) आत्ताच मोजून घ्या, त्याच जॉब कार्डवर लिहून घ्या. पुढे सहा महिन्यांनी इंजेक्टर गेला तर आज तो ठीक होता हे तुमच्याकडे कागदावर असलं पाहिजे.

रात्रीचा_प्रवासी

मीही पुढच्या महिन्यात सेकंडहँड घेतोय. घ्यायच्या आधी हा सीव्हीएन बघता येतो का?

जॉबकार्ड

येतो. साध्या ओबीडी स्कॅनरवरही (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूची माहिती वाचायचं यंत्र) बऱ्याचदा वाहनाच्या माहितीच्या पानावर कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन दिसतो, पण तो बरोबर की चूक हे ताडायला कंपनीचा आकडा लागतो. म्हणून टोकन द्यायच्या आधी गाडी अधिकृत वर्कशॉपला न्या, चेसिस नंबरवर वॉरंटी चालू आहे का आणि काही शिक्का आहे का एवढं विचारा आणि उत्तर मेलवर मागा. विकणारा तिथे यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा.